चार कोटांची मापं

बँडचा ड्रमवाला तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता, तरी तिला ताईच म्हणायचा. सख्खा भाऊ तसा एकच, गिटार वाजवणारा आणि गाणारा. पण तालमीच्या पहिल्याच दिवशी भाऊ "ताई, आवाज जरा कमी कर ना" म्हणाला आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. ही बासष्ट सालची गोष्ट. ताई तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकं वडिलांना हाक मारायची आणि रेडिओ मात्र ती दुरुस्त करायची.

तालीम दुकानाच्या मागच्या खोलीत चालायची. तिथे उघडे पडलेले रेडिओ, तारांची भेंडोळी आणि एक मोडकं कपाट. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर होता. चौघांनी एकदम वाजवायला सुरुवात केली की फ्यूज उडायचा, डॉक्टरचं यंत्र बंद पडायचं आणि तो जिन्यात येऊन ओरडायचा, "अरे, इथे माणूस तोंड उघडं ठेवून बसलाय!" त्यावरूनच त्यांनी बँडचं नाव ठेवलं, 'जळके फ्यूज'.

बेस गिटार वाजवायची कोणाचीच इच्छा नव्हती. जाड तारा, चारच सूर, आणि पोरी बघणार त्या गाणाऱ्याकडे. भाऊ म्हणाला, "ताई, तू घे ना. तुला तसंही मागे उभं राहायला आवडतं." तिला कुठे उभं राहायला आवडतं हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पण तिने मोडक्या कपाटाचं दार कापलं, त्याला आकार दिला, तांब्याची तार हाताने गुंडाळून आवाज उचलणारं यंत्र बनवलं आणि महिनाभरात बेस उभा केला. दिसायला तो कपाटाच्या दारासारखाच दिसायचा. वाजला की मात्र खोलीतली लाकडी जमीन पायाखाली गुणगुणायची.

पहिली दोन वर्षं बँडमध्ये माणसं येत गेली, जात गेली. ऑर्गन वाजवायला शाळेतले एक मास्तर होते. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून "शाळा की धांगडधिंगा?" असं विचारलं, तेव्हा ते डोळ्यांत पाणी आणून शाळेत परत गेले. मग एक गायक आला. तो डोळे मिटूनच गायचा आणि तिसऱ्याच कार्यक्रमात मंचावरून खाली गेला. पाय मोडला, हौस फिटली. मग लंबू आला, दुसरी गिटार वाजवणारा, कचेरीत कारकून. तो टिकला. येणाऱ्या प्रत्येकाला गाणी शिकवायचं काम ताईचंच. दुकानाच्या पावत्यांच्या मागे ती सूर लिहून द्यायची आणि नवा माणूस चुकला की न ओरडता म्हणायची, "पुन्हा." भाऊ दोनदा रुसून बँड सोडून गेला, दोनदा परत आला. ड्रमवाला सकाळी टपाल वाटून यायचा, म्हणून तो टपाल्या. पहाटे चारला उठलेला तो माणूस संध्याकाळी सहाला असा वाजवायचा, की जणू आत्ताच झोपून उठलाय.

चौसष्ट साली त्यांना बूटवाला भेटला. मोठ्या रस्त्यावर त्याचं बुटांचं तीन मजली दुकान होतं. कॉलेजच्या सभागृहात त्याने त्यांना ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, खुर्च्यांवर उभ्या राहिलेल्या मुली मोजल्या. "चारशे पोरी," तो नंतर म्हणाला, "म्हणजे आठशे पावलं!" आणि स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसला. महिनाभरात तो बँडचा व्यवस्थापक झाला. नावातलं 'जळके' त्याने काढून टाकलं. राहिलं नुसतं 'फ्यूज'.

त्यानंतर त्याने टपाल्याला काढलं.

"तेहतीस वर्षांचा आहे, टक्कल पडलंय," बूटवाला म्हणाला. "पोस्टरवर तो तुमचा काका वाटतो. वाजवतो छान, मी कुठे नाही म्हणतो?"

भाऊ खाली बघत राहिला. लंबू चष्मा पुसत बसला. ताईच्या ओठांवर आलं होतं, की हा गेला तर अर्धा बँड गेला. पण रेकॉर्ड कंपनीशी बोलणं चालू होतं, सगळ्यांचं भलं होणार होतं. ती गप्प बसली. टपाल्याने काठ्या कापडी पिशवीत घातल्या, "बरं, येतो ताई," म्हणाला आणि गेला. त्याच्या जागी डोळ्यांवर केस आलेला एक पोरगा आला. त्याला सगळे केसाळ म्हणू लागले. ताईने त्यालाही पावत्यांच्या मागे लिहून सगळी गाणी शिकवली.

पुढच्या मार्चमध्ये रेकॉर्ड कंपनीने होकार कळवला. बूटवाल्याने सगळ्यांना एकसारखे राखाडी कोट शिवायचं ठरवलं. कोणी माप द्यायला बोलावेना, म्हणून एका दुपारी ताई आपणहून शिंप्याकडे गेली.

शिंप्याने वही उघडली. "तुमचं कशाला? कोट चारच आहेत. चारही मापं घेऊन झाली."

"चारच. आम्ही चौघंच आहोत."

शिंप्याने बोट ठेवून वाचलं. "गाणारा. लंबू. केसाळ. आणि हा चौथा, छाती चाळीस, कंबर तीस. काय बांधा आहे पोराचा! बुटांच्या जाहिरातीत असतो बघा, पाय पुढे करून उभा." त्याने मान वर केली आणि तिचा चेहरा बघून वही हळूच मिटली. "बसता का जरा? पाणी देऊ?"

ती बसली नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते तिला त्या दुकानाच्या दारात कळलं. काढलं याचा राग होताच. पण आपल्याला काढलंय हे शिंप्याला माहीत होतं, कापडाला माहीत होतं, आणि घरात एका ताटलीतून शेंगदाणे खाणाऱ्या भावाने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता!

घरी आली तेव्हा भाऊ जेवत होता. आई वाढत होती, वडील वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते.

"छाती चाळीस कोणाची रे?" ताईने दारातूनच विचारलं.

भावाचा घास हातातच राहिला. "ताई, मी सांगणारच होतो."

"कधी? कोट जुने झाल्यावर?"

"कंपनीला चार मुलगेच हवेत. फोटोत मुलगी असली की लोक विचारतात, ही कोणाची कोण. पोरींना आवडत नाही म्हणे."

"आणि तू काय म्हणालास?"

भावाने वाटीतली आमटी उगाच ढवळली.

"मी विचारतेय, तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, बघू."

"बघू!" आई मध्येच कडाडली. "तीन वर्षं पोरीने तुमची यंत्रं जोडली, तुम्हाला सूर शिकवले, आणि तू म्हणालास बघू? ऊठ! जेवण झालं तुझं."

"आई, अर्धंच झालंय..."

"मग बघू," आई म्हणाली आणि त्याचं ताट उचलून घेऊन गेली.

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं, काहीतरी बोलावं असा विचार केला आणि पुन्हा वर केलं. त्याचाही ताईला राग आला.

तीन आठवडे तिने भावाशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून बोलणं टाकायचं तर खूप कष्ट पडतात. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागावं लागतं. चौथ्या आठवड्यात तो भर दुपारी दुकानात आला आणि उघड्या रेडिओसमोर उभा राहिला.

"ताई, त्याला जमत नाहीये."

तिने मान वर केली नाही. "कोणाला?"

"त्या जाहिरातीतल्या देखण्याला. स्टुडिओत दोन दिवस गेले. ध्वनिमुद्रण करणारा माणूस म्हणतो, हा वाजवतोय की तारा पुसतोय? परवापर्यंत झालं नाही तर कंपनी रेकॉर्ड रद्द करणार. फक्त दोन गाणी, ताई. एक दुपार."

"म्हणजे तोंड त्याचं आणि हात माझे."

तिने हातातलं काम पूर्ण केलं, रेडिओ लावून बघितला, बंद केला. त्या दोन गाण्यांपैकी एकाची चालच मुळी तिच्या बेसवर उभी होती. दुसऱ्या कोणी ते वाकडंतिकडं वाजवावं आणि ते कायमचं तसंच रेकॉर्डवर राहावं, हे तिला सहन होईना.

"कव्हरवर माझं नाव हवं," ती म्हणाली. "बेस कोणी वाजवला ते. आणि हे बूटवाल्याने मला तोंडावर सांगायला हवं."

बूटवाल्याने तोंडावर सांगितलं. हात छातीवर ठेवून सांगितलं. "अहो ताई, नाव म्हणजे काय, ठळक अक्षरांत!"

स्टुडिओच्या भिंतींना खोकी आणि घोंगड्या लावल्या होत्या. ताई वाजवायला बसली. पहिल्या फेरीतच काचेपलीकडच्या माणसाने मान डोलावली आणि चार वाजायच्या आत दोन्ही गाणी झाली. तो बाहेर येऊन म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे हे गाणं जमिनीवर पाय ठेवून उभं आहे." देखणा कोपऱ्यात बसून होता. त्यानेच तिला चहा आणून दिला. "मला वाटलं होतं नुसतं धरून उभं राहायचंय," तो ओशाळून म्हणाला. "बुटांचं तसंच असतं." त्याच्यावर तिला रागवता येईना. निघताना बूटवाला म्हणाला, की बेस उद्यापर्यंत इथेच राहू दे, एखादा सूर परत घ्यायला लागला तर. ती ठेवून आली.

तो उद्या काही उजाडला नाही. आठवडाभर आज देतो, उद्या देतो चाललं. आणि मग एके दिवशी आई बाजारातून तरातरा आली आणि रेकॉर्ड टेबलावर आपटली.

कव्हरवर चार राखाडी कोट होते. चौथ्या कोटात देखणा उभा होता आणि त्याच्या गळ्यात ताईचा बेस होता, कपाटाच्या दाराचा. कडेला बिजागरीची भोकं होती, ती तिने स्वतः लाकडाचा भुसा आणि सरस घालून बुजवली होती. बुजवलेली भोकं फोटोत स्पष्ट दिसत होती. नावं चार होती. 'बेस' या शब्दापुढे देखण्याचं नाव होतं.

तिने कव्हर उलटलं. मागची निम्मी बाजू बूटवाल्याच्या दुकानाच्या जाहिरातीने भरली होती. वाटेल त्या मापाचा बूट मिळेल म्हणे.

ताई दुपारीच सभागृहावर गेली. तिथे कार्यक्रमाची तालीम चालली होती. ती सरळ मंचावर चढली.

"माझं नाव कुठे आहे?"

बूटवाला हसला. "ताई, ऐका तर. कव्हरवर जागाच उरली नाही."

"जागा नाही? चपलांना जागा आहे, बुटांना जागा आहे, पॉलिशच्या डबीलासुद्धा जागा आहे, आणि ज्या बाईने वाजवलं तिला जागा नाही?"

"लोकांना फरक पडत नाही हो."

"मला पडतो! मी लोकांमध्ये मोजली जात नाही का?"

तिने भावाकडे बघितलं. तो गिटारची खुंटी पिळत होता, उगाचच. ती देखण्यासमोर गेली आणि हात पुढे केला. त्याने पट्टा डोक्यावरून काढला आणि बेस तिच्या हातात दिला. बूटवाला ओरडला, "अहो, सहाला कार्यक्रम आहे! वाजवायचं कशावर?"

"बुटावर," ती म्हणाली आणि मंचावरून उतरली.

त्या संध्याकाळी कुठून तरी उसना बेस आणला गेला आणि कार्यक्रम झालाच. पोरी तितक्याच ओरडल्या. हे ऐकल्यावर ताईला जे वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. गाणं त्या वर्षभर सगळीकडे वाजत होतं. केस कापायच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, शेजारणीच्या खिडकीत. लोक तिच्याच दुकानात रेडिओ दुरुस्त करून घ्यायचे आणि चालतो का बघायला तेच गाणं लावायचे. "बेस काय वाजवलाय पोराने!" एक गिऱ्हाईक म्हणालं. ताईने त्याचा रेडिओ बंद केला आणि अजून दोन दिवस लागतील म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात ती टपाल कचेरीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. टपाल्या रिकामी थैली घेऊन बाहेर आला.

"तुला काढलं तेव्हा मी तिथे होते," ती म्हणाली. "मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही."

टपाल्याने थैली खाली ठेवली. "हो," तो म्हणाला. "मी जिन्यापर्यंत वाट बघितली होती. वाटलं, ताई तरी बोलेल."

बूटवाल्यावरचा तिचा सगळा राग खरा होता, पण त्यातला थोडा तिच्याच वाट्याचा होता. तो तिने तिथे उभ्या उभ्या पचवला. मग टपाल्याच म्हणाला, "काठ्या अजून आहेत माझ्याकडे. बायको त्यांनी गाद्या झोडते." दोघंही हसली. पुढच्या रविवारी तो मागच्या खोलीत आला. मास्तरही आले. मुख्याध्यापक निवृत्त झाले होते. तिघांनी मिळून कारखान्यांच्या उपाहारगृहांत, दुपारच्या सुटीत वाजवायला सुरुवात केली. कामगार जेवता जेवता ऐकायचे, टाळ्या वाजवायला एकच हात मोकळा असायचा, म्हणून टेबलं बडवायचे.

सहासष्टच्या वसंतात भाऊ एका सकाळी गिटारची पेटी घेऊन घरी आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला. आईने विचारलं, "काय रे?"

"मला काढलं," तो म्हणाला. "गळा चांगला आहे म्हणाले, पण चेहरा थकलेला दिसतो. आता देखणा गाणार आहे."

ताई आतून ऐकत होती. गेलं वर्षभर तिने मनात हजारदा म्हटलं होतं, की याला एकदा कळू दे. आता कळलं होतं. तिला गोड वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या हातातला पेचकस टेबलावर आदळला आणि तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" आई म्हणाली.

"बूट घ्यायला."

दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. बूटवाला एका बाईच्या पायापाशी बसून तिला चढाव घालून दाखवत होता. ताई त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.

"माझ्या भावाला काढलंत?"

"ताई! अहो, तुमचं तर त्याच्याशी पटत नव्हतं."

"पटत नाहीच! तो घाबरट आहे, आपमतलबी आहे, त्याने माझा केसाने गळा कापला. त्याला काढायचं तर मी काढीन. तुम्ही कोण? त्या बँडचा एक सूर तरी तुम्ही लावलाय का? गाणी त्याने लिहिली. तुम्ही काय केलंत? मुली मोजल्यात!"

एका पायात चढाव घातलेली बाई कान देऊन ऐकू लागली.

बूटवाला उठला, गुडघे झटकले. तो चिडला नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. "'फ्यूज' हे नाव कायद्याने माझं आहे," तो सावकाश म्हणाला. "कागद केलाय. उद्या मी चार नवी पोरं उभी केली तरी तो 'फ्यूज'च. दुकानातली विकणारी माणसं बदलली म्हणून दुकान बदलतं का?"

कागद खरंच त्याच्याकडे होता. ती त्या बाईकडे वळली. "तुम्ही ते गाणं ऐकलंय ना? सगळ्यांनी ऐकलंय. त्यात बेस मी वाजवलाय. या माणसाने माझं नाव गाळून तिथे बुटांची जाहिरात छापली. घरी जाऊन कव्हर उलटून बघा."

बाईने पायातला चढाव काढला, जमिनीवर ठेवला आणि स्वतःच्या जुन्या चपला शोधू लागली. तेवढंच. बाकीची गिऱ्हाइकं थोडा वेळ कुजबुजली आणि पुन्हा माप देऊ लागली.

'फ्यूज' अजून अडीच वर्षं चालला. लंबू गेला, केसाळ गेला, देखणाही कंटाळून पुन्हा जाहिरातीत गेला. शेवटी मंचावर असे चौघे होते, ज्यांतल्या एकानेही ती मागची खोली कधी पाहिली नव्हती, आणि पोस्टरवर मात्र छापलेलं असायचं, 'तेच तुमचे लाडके फ्यूज'. ते पोस्टर दिसलं की ताई रस्ता ओलांडून जायची आणि जाताना ऐकू येईल अशा आवाजात म्हणायची, "खोटं!"

भावाला काढलं त्या दिवशी आईने त्याला जेवायला वाढलं, पूर्ण. तो पंधरा दिवस पायरीवर बसून राहिला. सोळाव्या दिवशी, रविवारी, टपाल्या आणि मास्तर मागच्या खोलीत यंत्रं लावत असताना तो दारात येऊन उभा राहिला. कोणी ये म्हणालं नाही. टपाल्याने ताईकडे बघितलं. निर्णय तिचा होता.

"मी बोलायला हवं होतं," भाऊ म्हणाला. "तुझ्याबद्दल. टपाल्याबद्दलही. मला भीती वाटली, की पुढचा मी असेन."

"आणि झालासच."

"झालो."

मास्तरांनी उगाचच ऑर्गनवरची धूळ झटकली. शेवटी तिने भिंतीकडेची खुर्ची पायाने पुढे सरकवली. तो आत आला, पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली.

"अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस राहणार आहेस?"

"बघू," ती म्हणाली. "तोपर्यंत तारा जुळव. तुझी तिसरी उतरलीय."